अडतीस मिनिटांचा वारा

मी गाडी थांबवली ती फक्त सावलीसाठी. भिंत एका गॅरेजची आहे हे माझ्या लक्षातही आलं नव्हतं. एसीचा वारा हळूहळू मंदावत पार नाहीसा झाला होता. मागच्या सीटवर आई वर्तमानपत्राने वारा घेत गाडीला, उन्हाला आणि मला एका दमात नावं ठेवत होती. शेवटी मी सगळं बंद करून सावलीत नुसती बसून राहिले.

"गाडीखाली तळं साचलंय तुमच्या," खिडकीबाहेरून कुणीतरी म्हणालं.

हातात पाना, कपाळावर काळा ओघळ... आणि डोळे असे, की बोलण्याआधीच हसून घेतात.

"एसीतून वारा येत नाहीये," मी म्हणाले.

त्याने गाडी सुरू करायला सांगितली, वाकून एसी लावला. भस्सकन वारा आला. आईच्या हातातला पेपर उडाला.

"येतोय की!"

"आत्ता येतोय. मघाशी नव्हता!"

"डॉक्टर दिसला की ताप उतरतो, त्यातली गत," तो गंभीरपणे म्हणाला. "दुखणं बघायचं तर... मला तुमच्याबरोबर फिरावं लागेल."

"अगं बाई," मागून आई म्हणाली. फक्त एवढंच.

पण दुरुस्ती व्हायलाच हवी होती. रविवारी आईला घेऊन मामाकडे जायचं होतं, सहा तासांचा रस्ता, आणि आजारपणापासून तिला उकाडा अजिबात सोसत नव्हता.

मी प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासते. दुसऱ्या दिवशी तीनला सुटले ती वही घेऊनच गॅरेजात गेले. एसीच्या जाळीवर मी पातळ कागदाची एक पट्टी चिकटवली. वारा असेपर्यंत ती फडफडणार, गेला की खाली येणार.

"आम्ही नुसता हात लावून बघतो," शेजारच्या सीटवर बसत तो म्हणाला.

"मघाशी वारा किती होता, हे हाताच्या लक्षात राहत नाही."

"माझ्या हाताच्या सगळं लक्षात राहतं," तो म्हणाला – आणि लगेच खिडकीबाहेर बघायला लागला. कान लाल झाले होते.

अडतिसाव्या मिनिटाला पट्टी खाली आली.

"पण पंख्याचा आवाज तसाच आहे!" आम्ही दोघं एकदम म्हणालो.

म्हणजे पंखा शाबूत होता, वाट अडली होती. आतल्या गार नळ्यांवर बर्फ धरतो आणि वारा अडतो, त्याने सांगितलं. एसी बंद केला की बर्फ वितळतो – तेच ते तळं. संशयित दोन. एक तर फिल्टर तुंबलाय, नाहीतर गारवा वेळेत थांबवणारा सेन्सर बिघडलाय.

गॅरेजात परतल्यावर तो म्हणाला, "उद्या दोन्ही बदलून टाकतो."

"नको! एका वेळी एकच. नाहीतर दोष कुणाचा होता ते कळणार कसं?"

गॅरेजचे मालक म्हणजे त्याचे काका. त्यांनी कपाळाला हात लावला. "कळून करायचंय काय, पोरी? गाडी गार झाली की झालं!"

"बरोबर बोलतायत त्या," तो घाईघाईने म्हणाला. "एका वेळी एकच."

काकांनी पुतण्याकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "चालू द्या. आम्हाला कोण विचारतंय!"

नव्या फिल्टरने शेहेचाळीस मिनिटं काढली, मग पट्टी पुन्हा खाली आली. तेवढ्यात मला कळलं, की तो शीळ बेसूर घालतो, आणि दुसरं कुणी गाडी चालवत असलं की स्वतः पाय दाबून ब्रेक मारतो. शेहेचाळीस मिनिटं मला फार कमी वाटली...

शनिवारी सेन्सर बदलला. आता संशयित उरला नव्हता. आईसाठी गाडी बरी व्हायलाच हवी होती. पण आज पट्टी खाली आली नाही, तर पुन्हा इथे यायला मला कारण काय?

अडतीस मिनिटं झाली. शेहेचाळीस. त्याचा हात डॅशबोर्डवर, जाळीच्या कडेला होता.

पंचावन्नाव्या मिनिटाला पट्टी खाली आली.

"गेला वारा," तो म्हणाला. "पुन्हा बघावं लागणार... काय करता!"

मला मनातून आनंदच झाला. आणि मग जाणवलं – माझ्या बाजूच्या जाळीतून मनगटावर गार वारा येतच होता. मी वळून पाहिलं. त्याच्या करंगळीने पट्टीचं टोक अलगद दाबून धरलं होतं.

मी गाडी कडेला घेतली.

"तुम्ही निरीक्षणात ढवळाढवळ करताय?"

"हो."

"हा फार गंभीर गुन्हा आहे."

"असेल." करंगळी हलली नाही. "गाडी बरी झालीय. आईंना बिनधास्त घेऊन जा. परत पोचायच्या आत मी खरं सांगणारच होतो."

"मग केलंत कशाला?"

"गाडी बरी झाल्यावर मेकॅनिककडे कोण येतं हो?"

तो हसत नव्हता. पहिल्यांदाच.

"मी मनात काय म्हणत होते, सांगू?" माझा आवाज मलाच अनोळखी वाटला. "तासभर एकच... पड ना गं, पड."

आता मात्र तो हसला. पट्टी सुटून पुन्हा फडफडायला लागली.

"परत कधी येणार?"

"गुरुवारी."

"मग शुक्रवारी गाडी आणा. एकदा नुसती नजर टाकतो."

"शुक्रवारी गाडी आणणार नाही."

त्याचा चेहरा उतरला.

"चालत येईन," मी म्हणाले. "सहा वाजता. हात स्वच्छ धुऊन तयार राहा."