मागच्या सीटवर कोण?

तो पहिल्यांदा दिसला तो गाडी ढकलताना. घामाने डबडबलेला, बोटांना निळा रंग लागलेला, आणि हातात वडिलांच्या काळातली जुनी मोटारसायकल.

"किक मारून मारून पाय गळाला हो," तो गॅरेजच्या दारात धापा टाकत म्हणाला. "मिस्त्री कुठे आहेत?"

"तुमच्यासमोरच उभी आहे," ती म्हणाली. तिचे बाबा इंजिनं बघायचे, पण वायरिंगचं सगळं काम तिच्याकडे. तिने एक किक मारली... आणि गाडी सुरू!

तो असा लाजला की कान लालबुंद झाले. आणि आमची ही शहाणी, जिची नजर तारांच्या गुंत्यातून कधी हलायची नाही, ती त्या कानांकडे बघतच राहिली.

तो शाळेत चित्रकला शिकवायचा. मग ती त्याला 'मास्तर' म्हणू लागली आणि तो तिला 'उस्ताद'. पुढच्या शनिवारी तो पुन्हा हजर, त्याच्या पुढच्याही. तक्रार तीच, मध्येच बंद पडते. तिने प्लग साफ केला, बॅटरीची टोकं घासली, कॉइल बदलून पाहिली, एकटीने फेऱ्या मारल्या. तिच्या हातात गाडी कशी गुणी बाळासारखी चालायची!

"बिघाड गाडीत नाही गं," बाबा वर्तमानपत्राआडून म्हणाले. "गाडीवाल्यात आहे."

"काहीतरीच तुमचं!" ती फणकारली. मनात मात्र म्हणाली, देवा, तसंच असू दे.

चौथ्या शनिवारी तिने टेस्ट लॅम्पची, म्हणजे वीज येते का ते दाखवणाऱ्या छोट्या दिव्याची, तार कॉइलला जोडली, हत्यारांची पिशवी खांद्याला लावली आणि फर्मान सोडलं, "आज मी मागे बसते. चालत्या गाडीवरच बघू."

"मागे?" तो दचकला. "नको... म्हणजे, ती सीट जरा—"

"चावते का?"

ती बसलीसुद्धा. तळ्याकाठचा रस्ता, कलतं ऊन, झाडांच्या सावल्या त्याच्या शर्टावरून सरकत होत्या. साबणाचा मंद वास येत होता. हातातल्या दिव्याकडे बघायचं असतं हेच ती विसरली. हा रस्ता संपूच नये, असं तिला वाटलं... तेवढ्यात गाडी खड्ड्यात आदळली आणि दिवा विझला. गाडी फुरफुरली आणि थांबली.

ती उतरली. दिवा लागला. ती धपकन बसली. विझला.

"अगं बाई!" तिने मागची सीट खोलली. सीटखालची एक तार घासून उघडी पडली होती. मागे माणूस बसलं की स्प्रिंग दबायची, त्यात दणका बसला की तार लोखंडाला टेकायची, ठिणगी बंद. एकटा असला की काहीच नाही.

एरवी असा बिघाड सापडला की ती टाळ्या पिटायची. आज तिचे हात उठलेच नाहीत. म्हणजे दर शनिवारी याच्या मागे कुणीतरी बसत होतं.

"मास्तर... मागे नेहमी कोण असतं?" तिने मान वर केली नाही.

"असते एकजण. दर शनिवारी."

"अच्छा." ती टेप कापू लागली. किती वेडी मी! "छान आहे दिसायला?"

"जाडजूड आहे. गुडघे दुखतात म्हणून दवाखान्यात नेतो. गाडी बंद पडली की खाली उतरायचं नाव नाही. मागे बसूनच ओरडते, 'अजून जोरात मार की रे!' शेवटी रिक्षाने जाते." तो हसला. "मावशी आहे माझी."

ती इतकी हसली की डोळ्यांत पाणी आलं. मग तिच्यातली मिस्त्री जागी झाली.

"एक मिनिट. मावशी उतरल्या की गाडी सुरू होते, हे तुम्हाला कधी कळलं?"

कान पुन्हा लाल. "दुसऱ्या शनिवारी."

"आणि बोलला नाहीत? मी अख्खी गाडी खोलली, मास्तर!"

"सांगितलं असतं तर तुम्ही पाच मिनिटांत दुरुस्त केली असती," तो हळूच म्हणाला. "मग मी कुठल्या तोंडाने आलो असतो? आवडता हो तुम्ही मला... फार."

वारा तळ्यावरून आला, तिचे केस विस्कटून गेला. रागवावं म्हटलं, तर राग काही केल्या येईना. तिने तारेला घट्ट टेप गुंडाळली, ती स्प्रिंगपासून लांब वळवून बांधली, सीट कसली. तिचं हे लगबगीचं काम तो रडवेल्या तोंडाने बघत होता.

"झाली," ती हात पुसत म्हणाली.

"पक्की?"

"पक्की. आता हत्ती बसला तरी बंद पडणार नाही."

"बरं..." त्याचा आवाज पार उतरला. "चला, तुम्हाला गॅरेजवर सोडतो."

ती मागे बसली. यावेळी तिचा हात अलगद त्याच्या खांद्यावर टेकला.

"मास्तर, पुढच्या शनिवारी या."

"पण गाडीला तर आता काही—"

"गाडीला काही झालं नसताना या."