दुसऱ्या सायबाचं ताट

पहिला रविवार असा.

बारामती–इंदापूर रस्त्यावर, निमगाव केतकीच्या मोटारथांब्यासमोर, द्वारकाबाईंची खानावळ होती. कुडाच्या तीन भिंती, चौथ्या बाजूला चूल, सारवलेल्या जमिनीवर पाट. वालचंदनगरला नवी यंत्रं उभी करायला डेन्मार्कहून आलेला येन्स तिथं शिरला तो केवळ बंगल्यावरच्या उकडलेल्या बटाट्यांना विटून. बरोबर फिटर सोपान होता. दुभाष्याचं कामही तोच करी.

द्वारकाबाईंनी तीन पाट मांडले.

"मावशी, आमी दोघंच हाय," सोपान म्हणाला.

"आन् ते दुसरं सायेब? हात धुवायला गेलं न्हवं आत्ता?"

कोपऱ्यात जेवत बसलेला गेणबा, बाजाराला वांगी घालून परतलेला, खो खो हसला. "एका सायबानंच डोळं दिपलं काय, बाई?"

तिसरं ताट वाढलं गेलं. कुणी शिवलं नाही, शेवटी गाईपुढं गेलं. येन्सनं विचारलं तेव्हा सोपाननं इंग्रजीत ठोकून दिलं, "पाहुण्याच्या मानाचं असतं."

येन्सचा घास मात्र तोंडातच फिरत राहिला.

कारण त्याच्या घरी, समुद्राकाठच्या गावात, आईही दर रविवारी एक ताट जास्त मांडायची. धाकट्या पीटरचं. युद्धात त्याचं जहाज बुडालं त्याला अकरा वर्षं झाली होती; प्रेत मिळालं नव्हतं. त्या ताटासमोरून उठायचं म्हणून तर येन्सनं ही इतक्या लांबची नोकरी धरली. आणि आता त्याच्या पाकिटात एक सरकारी कागद होता, पीटर मेला असं मान्य करणारा. आईनं सोबत लिहिलं होतं: तू सही केलीस तर मी ताट मांडणं थांबवीन. मला एकटीला ते जमणार नाही.

कागद दोन महिने तसाच होता.

मधले रविवार गाळू. त्यांत एवढंच झालं की येन्स तिथलाच झाला. मुठीनं कांदा फोडायला शिकला. "बास" आणि "आजून" शिकला, आणि "बास" कुणी ऐकत नाही हेही. तो आला की गेणबा सरकून जागा करी. "बसा, उंटराव," म्हणे, कारण येन्सला मांडी घालताना गुडघे कुठं ठेवावेत ते उमगत नसे. शेजारचं ताट दर वेळी वाढलं जाई. त्याला कुणी हसायचं सोडून दिलं होतं.

मग एका रविवारी येन्सला काहीतरी खटकलं.

त्याच्या ताटात ठेचा नि कांदा डावीकडे, कालवणाची वाटी उजवीकडे. सोपानच्याही. गेणबाच्याही. शेजारच्या ताटात मात्र उलटं. वाटी डावीकडे.

"चुकलं असंल," सोपान म्हणाला.

"चुकतंय कशाला?" द्वारकाबाई भाकरी थापता थापता बोलल्या. "पहिल्यापास्नं तसंच वाढती मी. ते सायेब डावखुरं हायती. पोर असतं तर हातावर मारलं असतं, पर पाहुण्याला काय म्हनायचं?"

सोपाननं ते इंग्रजीत सांगितलं. येन्स म्हणाला, मास्तरांनी पट्ट्या मारूनही पीटरचा हात बदलला नाही. त्याचं अक्षरसुद्धा डावीकडे कलायचं, वाऱ्यात वाकलेल्या गवतासारखं.

"हे तू कुणाला सांगितलं होतंस?" त्यानं सोपानला विचारलं.

"मलाच आत्ता कळतंय, सायेब."

त्या दिवशी ताट गाईपुढं नेताना सोपाननं वाटी पाहिली. कालवण भरलेलं होतं. पण वाटीच्या काठावरून बोट फिरवल्याची एक स्वच्छ रेघ होती.

येन्सनंही पाहिली. पीटर लहानपणी असंच करायचा. तो घाबरला नाही. चर्चमध्ये शिरल्यागत त्यानं डोक्यावरची टोपी काढली.

पुढच्या रविवारी त्यानं कागद सोबत आणला. आई सत्तरीची झाली होती. ती आणखी किती रविवार ते ताट मांडणार? ताटं वाढून झाल्यावर त्यानं कागद मांडीवर पसरला, पेनचं टोपण काढलं. हात हलेना.

मग त्यानं आठवडाभर घोकलेली मराठी उच्चारली.

"मावशी, आजपासून एकच ताट."

गेणबानं घास हातातच धरला.

द्वारकाबाईंनी पदराला हात पुसले. शेजारच्या पाटाकडं बघत त्या थांबल्या. कुणाचं ऐकत असाव्यात तशा.

"बरं," त्या म्हणाल्या. त्या पाटाला.

आणि वाकून उचललं ते येन्सच्या पुढ्यातलं ताट.

"मावशी, ते आपल्या सायबाचं!" सोपान म्हणाला.

"ठावं हाय. ते म्हनत्यात, माझं ताट ह्यास्नी द्या. निघालं ते." त्यांनी डावखुरं ताट येन्सपुढं सरकवलं आणि रिकामा पाट भिंतीला उभा केला.

सोपाननं अर्थ सांगायला तोंड उघडलं. पण येन्स मांडीवरच्या कागदाकडं बघत होता.

सही झाली होती. नाव येन्सचंच. शाई अजून ओली होती.

अक्षरं डावीकडे कलली होती, आणि पेन त्याच्या डाव्या हातात होतं.