जुन्या चावीतली चिप

पोरांनो, सांगा बघू, विश्वास कुणावर ठेवायचा? विकणाऱ्याच्या जिभेवर, की त्याच्या मालावर? चहा ओता, सांगतो.

झर्का शहरातल्या गॅरेज गल्लीत माझ्या गाड्यांच्या फिल्टरच्या दुकानाला लागून वहीब कुलूपवाला. हात सोन्याचा, जीभ त्याहून गुळगुळीत. त्यानं भंगारातून एक गाडी स्वस्तात उचलली. तिचा मालक भर ऑगस्टात बंद काचांआड मरून पडला होता, कितीतरी दिवस कुणाला पत्ताच नव्हता. वहीबनं सीटा बदलल्या, गालिचे फेकले, कुलूप नि चावी नवी बसवली. गिऱ्हाईक मिळालं ते इस्पितळातली नर्स रिहाब. तिला रात्रपाळीला जायला गाडी हवी होती. आधीचा मालक कुठं आहे, असं तिनं विचारलं.

"कुवेतला गेला, ताई. अल्लाशपथ, दर जुम्म्याला फोन करतो."

ती गेल्यावर मी विचारलं, तिथून फोन लागतो होय रे? तर म्हणतो, "काका, तुम्ही तुमचे फिल्टर विका."

रजब महिन्यातल्या शेवटच्या गुरुवारची रात्र. सकाळी गाडी द्यायची होती. वहीबनं नवी चावी फिरवली. इंजिन लागलं, आणि लगेच बंद पडलं. डॅशबोर्डवरचा चावीचा लाल दिवा लुकलुकत राहिला. कुलूप नवं असलं तरी गाडीचा मेंदू जुन्या चावीतली चिपच ओळखतो. त्यावर आमच्या गल्लीची रीत ठरलेली: जुनी चावी फोडायची, चिप काढायची, स्टीअरिंगखाली कुलपाच्या कड्याला चिकटवून टाकायची. गाडीला वाटतं, जुना मालकच बसलाय.

जुनी चावी भंगारवाल्यानं पिशवीत गाठ मारून दिली होती. वहीबनं गाठ सोडली आणि तोंड फिरवलं. चावीवर पिवळा, चिकट थर होता. नखानं खरवडला तर मऊ लागला. त्यात अळ्यांची रिकामी टरफलं होती. आंबलेल्या चरबीचा वास आला. रॉकेलनं धुतली, चिप काढली, चिकटवली. हात पुन्हा पुन्हा साबणानं घासले, तरी नखांतला वास जाईना.

चावी फिरवली. दिवा विझला. गाडी सुरू.

तो उतरून हात पुसत होता. आत सीट करकरली. नवी सीट. ती हळूहळू दबली... कुणी जड माणूस टेकावा तशी. काचा आतून धुरकटल्या. तोच वास. आता ओला...

त्यानं आत हात घातला. इंजिन बंद केलं. चिप उपटली. ती कोमट होती... अंगासारखी. रॉकेलच्या डब्यात टाकली. झाकण दाबलं.

सकाळी रिहाब आली, दार उघडलं, आणि ओढणी नाकाला लावली.

"वहीबभाऊ, हा वास मी रोज इस्पितळाच्या तळघरातल्या शवागारात घेते. खरं सांगा."

त्यानं सगळं सांगून टाकलं. म्हणाला, चिप काढलीय, आता ही सुरू व्हायची नाही. दाखवायला म्हणून नवी चावी फिरवली.

इंजिन लागलं. दिवा विझला. चालूच राहिलं...

डबा माझ्यासमोर होता. झाकण घट्ट. चिप आत.

रिहाब पायीच परत गेली. गाडी गल्लीच्या टोकाला उभी आहे, जाता-येता लांबून बघा. आणि उद्यापासून माझ्या गल्ल्यावर बसाल, तेव्हा हिशेब खरा ठेवा, बाळांनो. वस्तू कुणाच्या हातून आली, तेही लिहीत जा.