गड्याची शिकवणी

त्या दुपारी सर्व्हरवाला तळघरात उतरला तो फक्त एक काम हातावेगळं करायला. इस्पितळात त्याला सगळे सर्व्हरवालाच म्हणायचे, खरं नाव पगाराच्या दिवसापुरतं. त्याची आई वर तिसऱ्या मजल्यावर, कोपऱ्यातल्या खोलीत होती. छातीत झालेलं पाणी काढलं होतं आणि उद्या सकाळी घरी सोडतो, असं डॉक्टर म्हणाले होते. काम उरकायचं, वर जाऊन आईची पिशवी भरायची आणि निवांत व्हायचं, एवढाच त्याचा बेत.

सर्व्हरची खोली शवागाराला लागून. ज्याला ही जागा सुचली त्याच्या डोक्याची कमाल म्हणायची. दोन्हीकडे गार हवा लागते ना, मग भागवा एकाच यंत्रावर. भागवलं. त्यामुळे सर्व्हरवाल्याच्या डोक्यावरच्या जाळीतून जी हवा यायची ती शेजारच्यांना भेटून आलेली असायची. फिनेलचा वास, ओल्या लोखंडाचा वास, आणि त्या दोन्हींच्या खाली काहीतरी गोडसर. तो तिथे पाणीसुद्धा प्यायचा नाही.

त्या सर्व्हरवर एक प्रोग्राम रात्रंदिवस मागच्या मागे चालायचा. ना त्याची खिडकी, ना बटण, ना आवाज. शवागारातले कप्पे पुरेसे गार आहेत का ते बघायचं, रक्ताच्या फ्रिजवर लक्ष ठेवायचं आणि कार्डावर चालणारी दारं उघडायची-लावायची, ही त्याची कामं. निमूट राबतो म्हणून सगळे त्याला 'गडी' म्हणत. बसवणाऱ्याने कंटाळा केला आणि एवढ्याशा कामासाठी अख्ख्या इस्पितळाच्या किल्ल्या त्याच्या कमरेला अडकवल्या. उद्या कुणी लुच्च्याने या गड्याला फितवलं तर तो कुठेही घुसेल, हे वरच्यांच्या आत्ता लक्षात आलं होतं. हुकूम आला, गड्याला बांधा.

बांधायची रीत साधी असते. गड्याने कशाकशाला हात लावायचा याचे सक्तीचे नियम करायचे. मग मालक जरी म्हणाला की जा रे तिकडे, तरी नियमात नसेल तर गड्याचं पाऊल उचलत नाही. अडचण एकच. गडी दिवसभर नक्की काय काय करतो हे कुणालाच धड ठाऊक नसतं. म्हणून आधी त्याला शिकवणीवर ठेवतात. तेव्हा नियम काही नसतो, नुसतं बघायचं. त्याने नव्या कशाला हात लावला की पडद्यावर प्रश्न येतो, हे याचं काम आहे का? उत्तर मिळेपर्यंत गडी तिथेच थांबतो. 'हो' म्हटलं की तो त्याचा कायमचा हक्क. शिकवणी संपली की सक्ती चालू, आणि ज्याला 'हो' मिळालेलं नाही ते सगळं बंद.

आता खरं सांगायचं तर या धंद्यात ते प्रश्न कोण वाचतो? 'नाही' म्हटलं आणि रक्ताचा फ्रिज बंद पडला तर शिव्या कोण खाणार? सर्व्हरवाल्याचं बोट 'हो'च्या बटणावर बसलेलं असायचं आणि डोकं भलतीकडे. घरीही तेच. आई म्हणायची, "याला विचारलं ना, की घराला आग लावू का, तरी हा हो म्हणेल."

तळघराच्या बोळात शवागाराचे काका फरशी पुसत होते. तोंडाला फडकं बांधलेलं, बादलीतलं पाणी करडं.

"साहेब, तुमच्या त्या गड्याला जरा समज द्या," काका म्हणाले. "तो टाकीवाला आहे ना, त्याचा कप्पा रोज उघडा सापडतो. मी लावून जेवायला जातो, येतो तर परत उघडा."

टाकीवाला म्हणजे एक बेवारस. कुठल्याशा बंद इमारतीच्या पाण्याच्या टाकीत सापडलेला. बरेच दिवस पाण्यात असावा. आणला तेव्हा उचलणाऱ्यांच्या हातमोज्यांना त्याच्या तळव्याची कातडी चिकटून आली, हे काकांनी सगळ्यांना सांगितलं होतं, नको नको म्हणत असताना.

"म्हणजे कप्पा तुम्ही उघडत नाही?" सर्व्हरवाल्याने विचारलं.

"मी कशाला उघडीन? जेवणाच्या वेळी?"

"मला वाटलं तुम्हीच. म्हणून मी 'हो' म्हणत गेलो."

"आणि मला वाटलं, तुम्ही काहीतरी तपासताय." काकांनी फडकं पिळलं. पिळताना त्यातून जे निघालं ते पाणी नव्हतं, घट्ट होतं. "असतो म्हणा तो आतच. पण जसा ठेवला, तसा नसतो..."

 सर्व्हरवाला खोलीत शिरला आणि दार लावून घेतलं. शिकवणीच्या दिवसांत आपण कशाकशाला 'हो' म्हटलं ते त्याला आता, उशिरा का होईना, आठवायला लागलं. पहिल्यांदा त्या कप्प्याची कडी. मग शवागाराचं दार. मग हा बोळ. मग लिफ्ट. मग तिसऱ्या मजल्यावरचं जाळीचं दार. रोज एक दार पुढे. कुणीतरी चाललं होतं आणि वाट तो स्वतः मोकळी करून देत होता, जांभया देत.

पडद्यावर एक प्रश्न वाट बघत थांबला होता. तिसरा मजला, कोपऱ्यातली खोली. हे याचं काम आहे का?

त्याचा हात सवयीने बटणावर गेला आणि बोटाला गिळगिळीत लागलं. 'हो'च्या बटणावर पांढुरकी, पातळ साल चिकटली होती. दुधावरची साय असते तशी, पण तिच्यावर बारीक गोल गोल रेघा. बोटाच्या टोकाला असतात त्या. साल निघेना, नखाने खरवडली तर नखात गेली.  जो वास इतके दिवस जाळीतून यायचा, तो आता त्याच्या हाताला येत होता. शी. स्वतःचीच किळस आली त्याला, आपण इतके दिवस याच बटणावर बोट टेकून बसलो याची.

त्याने 'नाही' दाबलं. आयुष्यात इतकं जोरात काही दाबलं नसेल. मग सक्ती चालू केली. खात्री हवी म्हणून स्वतःच गड्याला हुकूम सोडला, तिसऱ्या मजल्यावरची कोपऱ्यातली खोली उघड. पडद्यावर उमटलं, परवानगी नाही. पुन्हा सोडला. परवानगी नाही. तेव्हा कुठे त्याचा जीव भांड्यात पडला. आधीचे सगळे 'हो' रद्द करायचे होते, पण ते मागाहून. आधी आई.

लिफ्ट खालीच उभी होती, दार उघडं टाकून. आतली फरशी ओली. बटणांपैकी फक्त तीन नंबरचं बटण चिकट होतं, ते त्याने कोपराने दाबलं. तिसऱ्या मजल्यावर दुपारची सामसूम. सिस्टर टेबलावर डोकं टेकून पडलेली, खिडक्यांचे पडदे ओढलेले. जाळीचं दार सताड उघडं. आईच्या खोलीचं दार मात्र बंद होतं, आणि दाराच्या मुठीवरून खाली ओघळ आले होते. मुठीखाली फरशीवर डबकं साचलं होतं. बराच वेळ कुणीतरी तिथे ताटकळलं असावं.

अडलं म्हणजे. नियमाने अडवलं. सर्व्हरवाल्याला हायसं वाटलं. त्याने नाकाला रुमाल लावला, खिशातून आपलं कार्ड काढलं आणि दाराला टेकवलं. त्याचं कार्ड सगळीकडे चालायचं. नियम गड्याला होते, त्याला कुठे होते?

दार उघडलं. त्याच्या पाठीला गार लागलं, बोळातला पंखा असेल. तो आत आला. दार आपोआप लागलं, पण जरा थांबून.

आई पलंगावर पाय सोडून बसली होती. पिशवी तिने स्वतःच भरून शेजारी ठेवली होती.

"आलास? बरं झालं. जेवणं झाल्यापासून कोणीतरी मूठ हलवतंय, आणि दार काही उघडत नाही."

"आता नाही येणार कोणी. बंदोबस्त केलाय." त्याने मोबाइल काढला. गड्याची खबर मोबाइलवरही दिसायची. परवानगी नाही, परवानगी नाही, परवानगी नाही. मूठभर ओळी, एकाखाली एक. शेवटची ओळ त्याने कार्ड टेकवलं त्याच्या जरा आधीची. त्यानंतर गड्याने मागितलंच नव्हतं काही. जिरवली की नाही, असं म्हणत तो त्या ओळी पुन्हा पुन्हा बघत राहिला.

आई काहीतरी विचारत होती.

"हो," तो म्हणाला.

"अरे, नीट सांग. चादर सगळी भिजवली त्याने."

"हो हो, सांगतो सिस्टरला."

 आईने पाय वर ओढून घेतले आणि चादरीचं टोक नाकाशी धरलं. ती त्याच्याकडे बघत नव्हती. त्याच्या खांद्यामागे बघत होती. तो वास आता हाताला येत नव्हता. अंगभर येत होता, मानेवर, केसांत.

"आई," त्याने हळूच विचारलं, "तू आत्ता काय विचारलंस... आधी?"

"हेच की तुझ्यामागून हा आलाय, तो उद्या आपल्याबरोबर घरी येणार का." तिचा आवाज बसला होता. "तू हो म्हणालास."

पलंगावर आईशेजारी पिशवी नव्हती. ती दारापाशी होती, तोंड घट्ट बांधून, निघायच्या तयारीत उभी करून ठेवलेली, आणि तिच्या बंदांवरून पाणी ठिबकत होतं.