राखणदार व्हॅलेरियनकडेच का वळे

आठवडाभर राखणदार सेलिनकडे एकदाही वळला नाही. व्हॅलेरियनकडे तो प्रत्येक फेरीत वळला.

आणि तो राखणदार व्हॅलेरियननेच घडवलेला होता.

हे खरोखर घडलेलं आहे. सन १९८६, ऑक्टोबर महिना, पापडीत चर्चच्या मागच्या आळीतलं पास्कलचं घर. ज्याला पटणार नाही त्याने पटवून घेऊ नये. व्हॅलेरियनलाही ते पटत नव्हतं.

व्हॅलेरियन तंत्रशाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायचा. कोणी भूत पाहिल्याचं सांगितलं, तर हा आधी विचारायचा, "तेव्हा घरात व्होल्टेज किती होतं?"

पास्कल त्याचा लहानपणापासूनचा सोबती. शाळेत पहिला पास्कल. बहारीनची नोकरी पास्कलला. सेलिन आवडली दोघांनाही, मागणी आधी गेली ती पास्कलची, आणि लग्नही त्याच्याशीच झालं. शेवटच्या सुट्टीत त्याने टीव्हीला जोडायचा एक छोटा काळा संगणक आणला होता. परत गेला आणि सहा महिन्यांनी शवपेटीतून आला. त्याला आता दोन वर्षं होऊन गेली होती. त्याची तसबीर टीव्हीच्या बरोबर वर होती, आणि तिच्याकडे पाहिलं की व्हॅलेरियनला अजूनही जुनाच हेवा वाटायचा. मेलेल्या माणसाचा मत्सर करणं शास्त्रशुद्ध नाही, हे त्याला ठाऊक होतं. त्याने फरक पडत नव्हता.

त्या संगणकावर त्याने सेलिनसाठी एक खेळ रचला. केळीची वाडी, त्यात कंदील घेतलेला राखणदार. त्याला न दिसता केळीचं लोंगर, म्हणजे अख्खा घड, उचलायचं आणि कुंपणाबाहेर पडायचं. नियम एकच. बटण दाबलं की पाऊल पडतं, पाऊल पडलं की आवाज होतो, आणि राखणदार जवळ असेल तर तो आवाजाकडे वळतो. तो लांब गेला की चालायचं, जवळ आला की श्वास रोखून उभं राहायचं.

खेळ साठवायला कॅसेट हवी होती. पास्कलची आई, कॅथरिनमावशी, हिने कपाटातून एक जुनी काढून दिली. "एकच बाजू भरलीय, बाबा. दुसरी कोरी हाय."

मग एका संध्याकाळी, रोजरीची प्रार्थना आटोपल्यावर, त्याने सेलिनला विचारलं. सरळच विचारलं.

ती हसली. "तुझा राखणदार आहे ना? एकदाही त्याला न दिसता लोंगर घेऊन बाहेर पड. त्या दिवशी उत्तर देते."

"लग्नाचं उत्तर असं देतात?"

"तू मास्तर. तुला परीक्षा आवडतात, म्हणून."

त्याला हसू आलं. राखणदाराचं पाऊल न् पाऊल त्याला पाठ होतं.

दुसऱ्या संध्याकाळी तो बसला. टेपरेकॉर्डर पास्कलचा, त्याला सेलिनशिवाय कोणी हात लावत नसे. तिने कॅसेट मागे घेतली, चालू केली, वर क्रोशाचा रुमाल टाकला आणि स्वयंपाकघरात गेली. खेळ पडद्यावर आला.

राखणदार दूरच्या टोकाला गेला. व्हॅलेरियनने दोन पावलं टाकली. राखणदार परतला, जवळ आला. व्हॅलेरियन थांबला.

राखणदारही थांबला...

आणि वळला.

कंदिलाचा उजेड थेट व्हॅलेरियनवर पडला.

चूक झाली असेल. तो पुन्हा खेळला. पुन्हा तेच.

तिसऱ्या वेळी त्याने हात उचलून मांडीवर ठेवले. बटणाला बोटसुद्धा लागलेलं नव्हतं.

तरीही... राखणदार वळला.

अर्ध्या तासाने खोलीत कुठेतरी बारीक आवाज झाला.

टक.

तेवढ्यात सेलिन हात पुसत आली. "सरक. बघू." ती बसली, आणि पहिल्याच फेरीत लोंगर घेऊन बाहेर पडली. राखणदार तिच्या पाठीमागून मुकाट निघून गेला.

"राखणदाराला माणसं कळतात वाटतं," ती म्हणाली.

तो आठवडाभर येत राहिला. रोज तेच. आधी तो हरायचा. मग टक... मग सेलिन जिंकायची. एकदा त्याने संगणक स्वतःच्या घरी नेला आणि खेळ दुसऱ्या कॅसेटवरून चढवला. राखणदार गरीब गाईसारखा वागला. म्हणजे दोष त्या घरातच होता. त्या घरात, आणि फक्त त्याच्यासाठी.

कॅथरिनमावशी जपमाळ आवरत म्हणाली, "पास्कलला नाय आवडत तू तिथं बसलेला."

"मावशी, पास्कल खेळात नाही."

"मग तुझ्याकडंच का बघतो तो?"

व्हॅलेरियनने वर पाहिलं. तसबिरीतला पास्कल हसत होता. हाही डाव जिंकला, असं व्हॅलेरियनच्या मनात आलं, आणि स्वतःचीच लाज वाटली.

शनिवारी त्याने एकच गोष्ट बदलली. खेळ चढताच तो उठला. "आज आधी तू बस."

"मला भाजी चिरायचीय."

"दोन मिनिटं."

ती बसली. दोन पावलं टाकून थांबली. हात पदरात घेतले.

राखणदार जवळ आला...

वळला.

सेलिनच्या चेहऱ्यावर कंदिलाचा पिवळा उजेड आला. ती मागे सरली. व्हॅलेरियनला मात्र त्या क्षणी हलकं वाटलं. तिच्याकडेही वळला! म्हणजे प्रश्न माणसाचा नव्हता, वेळेचा होता. पहिल्या अर्ध्या तासात काय असतं, जे नंतर नसतं?

त्याने कान दिला. घरात काहीच ऐकू येत नव्हतं.

त्याने रुमाल उचलला.

कॅसेटची चाकं फिरत होती.

टेपमधून संगणकाकडे जाणारी तार त्याने धरली आणि पिन ओढली.

"...येतो का गं तो? रोज येतो? किती वेळ बसतो?"

पास्कलचा आवाज.

कॅथरिनमावशीच्या हातातून माळ पडली.

"व्हॅलेरियनबद्दल विचारतोय मी. माझं हसं करू नकोस. इथं रात्री झोप येत नाही. तो तिथं, तुझ्या दारात, आणि मी इथं वाळूत. त्याने तुला मागणी घालायच्या आधी मी घातली, एवढंच माझं. नाहीतर तू त्याचीच झाली असतीस. खरं ना? सांग, सेलिन..."

जन्मभर ज्याचा हेवा केला, तो आपला हेवा करत होता. व्हॅलेरियनला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. त्याने टेपच्या बटणाकडे हात नेला.

सेलिनने त्याचं मनगट पकडलं.

"थांब," ती म्हणाली. "त्याचं बोलणं संपलं नाही अजून."

तिने हात सोडला तो टेपला कान लावण्यासाठी. व्हॅलेरियनला त्याच्या मागणीचं उत्तर मिळालं होतं. राखणदाराला चुकवणं आता सोपं होतं, पण तो पुन्हा खेळायला बसला नाही. चपला घालताना आतून पास्कल बोलतच होता, आणि उत्तरासाठी मधेमधे थांबत होता.

पुढे कारण त्याने तपासून पक्कं केलं, ते असं. त्या संगणकात बटणांचा आणि टेपच्या तारेचा संदेश एकाच दाराने आत येतो. राखणदाराचा कान त्याने त्याच दाराला लावला होता, आणि आलेला आवाज बटणाचा की तारेचा, हे तपासणारी ओळ घालायची राहून गेली होती. ती कॅसेट पास्कलनेच पाठवलेली होती, आणि तिची दुसरी बाजू कोरी नव्हती. ती कोणी कधी लावलीच नव्हती. खेळ साठवला तेव्हा तिची फक्त सुरुवात पुसली गेली. तारेची पिन खोचलेली असली की टेपचा आवाज खोलीत येत नाही, म्हणून उरलेलं बोलणं माणसांना ऐकू येत नव्हतं; ऐकू यायची ती फक्त टक, अर्ध्या तासाने बाजू संपून टेप आपोआप थांबल्याची. आणि खेळ चढल्यावर टेप कोणी बंद करत नसे, कारण बहारीनहून कॅसेटवर पत्रं येऊ लागल्यापासून चालू टेप मधेच थांबवायची त्या घरात रीत नव्हती.