हाताखालचं मशीन

"मामा, थांबा! बोट उचला आधी!"

सुई एवढ्या जोरात ओरडली, की मामांचं बोट मोबाइलवर टेकता टेकता हवेतच राहिलं. सुई हे काही तिचं पाळण्यातलं नाव नव्हे; पण चूक दिसली की टोचल्याशिवाय तिला राहवत नसे.

बाइंडिंगच्या दुकानात मामा जुन्या कटिंग मशीनला टेकून उभे होते. त्याचं पातं दर दहा कापांनी अडायचं. शाळेच्या वह्यांची मोठी ऑर्डर तोंडावर आलेली. आणि दोन वर्षं पोटाला चिमटा घेऊन साठवलेले पैसे मामा आता कुठल्याशा वेबसाइटवर, निम्म्या किमतीतल्या मशीनसाठी भरायला निघाले होते.

"दहा मिनिटांत पैसे भरले नाहीत, तर मशीन दुसऱ्याला जाईल!" मामा वैतागले. "त्यातली सहा तुम्हीच खाल्लीत, कारट्यांनो!"

"विकणारा घाई करतोय म्हणजेच पाणी मुरतंय, काका," शेजारचा दुर्बीण जाड चष्मा सावरत म्हणाला. "वेबसाइटवर पत्ता नाही. पैसे कुणाच्या तरी खासगी खात्यात मागतोय. आधी माल बघतो म्हटलं तर नको म्हणतो."

"पंचवीस वर्षं कागद कापतोय मी! मला शिकवतोस?"

"कागदच कापा, बाबा! स्वतःचा खिसा कशाला?" भोंगा गरजला. मामांच्या या चिरंजीवांना हळू बोलणं माहीतच नव्हतं.

"अरे, फोटो तरी बघा! काय निगा राखलीय मालकानं! नाहीतर आपलं हे धूड."

सुईनं फोटो बोटांनी मोठा केला. मग मशीनकडे पाहिलं. पुन्हा फोटोकडे. आणि कपाळावर हात मारला.

"मामा, फोटोतल्या हँडलला काय गुंडाळलंय?"

"सायकलची निळी ट्यूब. टोकाला लाल रिबन. हौशी माणूस दिसतोय."

"आणि तुमच्या हँडलला?"

मामांना आठवेना! त्या हँडलवर त्यांचा एप्रन, टॉवेल आणि जुनी पिशवी असा संसार लटकलेला असे. भोंग्यानं तो एका झटक्यात खाली ओढला. आत निळी ट्यूब. टोकाला लाल रिबन.

"मागच्या सुट्टीत तुमच्या हाताला फोड आले, म्हणून मीच गुंडाळली होती! ट्यूब कमी पडली, तर माझी रिबन लावली!" सुई म्हणाली.

"असेल दुसऱ्याचंही तसंच," मामा पुटपुटले.

तिघांनी एकदमच डोळे मिटून घेतले.

"काका, गेल्या महिन्यात नवं पातं मिळेना म्हणून तुम्ही मशीन घासूनपुसून बाइंडरांच्या ग्रुपवर फोटो टाकलात ना?" दुर्बिणीनं विचारलं. "तोच उचललाय त्यानं."

मामा काही बोलणार, तोच फोन वाजला. सुईनं स्पीकर लावला.

"साहेब, शेवटची दोन मिनिटं हं!"

"मशीन आहे कुठे?" सुईनं विचारलं.

"समोरच आहे की, ताई! माझ्या हाताखाली. आत्ताच तेल दिलं."

"मग हँडल ओढा जरा. आवाज ऐकू दे."

"हे काय, ओढलं! लोण्यासारखं चालतंय!"

मामांचे कान लाल झाले. त्यांनी हळूच हात पुढे केला आणि हँडल ओढलं. खर्रर्र! तोच रोजचा रडका आवाज.

"लोणी कसलं, लबाडा?" मामा कडाडले. "हँडल माझ्या हातात आहे!"

फोन तत्काळ बंद!

मामींनी सगळं ऐकलं आणि त्याच दुपारी मामांना सायबर पोलिसांकडे तक्रार द्यायला लावली. "पोरं नसती तर स्वतःचंच मशीन विकत घेतलं असतंत! तेही न मिळणारं!" असं म्हणत त्यांनी तिघांच्या पाठी थोपटल्या. मामांनीही मान खाली घालून कबूल केलं, "माझ्यापेक्षा तुमचे डोळे शाबूत आहेत रे." मेकॅनिक आला, त्यानं जुनंच पातं खोलून, धार लावून नीट बसवलं आणि वह्यांची ऑर्डर वेळेत निघाली. साठवलेले पैसे जागच्या जागी राहिले.

इतरांनी फसू नये म्हणून मामांनी ग्रुपवर पुन्हा फोटो टाकला. खाली ठळक अक्षरांत लिहिलं: 'हे मशीन माझं आहे. विकायचं नाही. कुणी विकत असेल तर तो ठग समजावा.'

पाच मिनिटांत पहिलं उत्तर आलं. सुईनं ते मोठ्यानं वाचलं आणि कपाळ टेबलावर टेकवलं.

'छान आहे. शेवटची किंमत सांगा.'