हाकेला ओ

कोल्हापूरच्या मज्जासंशोधन केंद्रात, खिडकीलगतच्या खाटेपाशी, शर्वाणीने उरलासुरला शेवटचा नियम लिहिला. मग मायक्रोफोनच्या डब्यापाशी वाकून ती म्हणाली, "मिहू, मी आई."

पडद्यावर ओळ उमटली : आवाज आत गेला. प्रतिसाद नाही.

खाटेवर मिहिका होती, पाच वर्षांची. मेंदूज्वर उतरला, पण जाताना डोळे, कान, जीभ सगळ्यांनाच रुसवून गेला. तिच्या कानामागे शर्टाच्या बटणाएवढं मेंदूद्वार बसवलं होतं. मज्जातंतूंना बाहेरच्या यंत्रांशी जोडणारं. त्यावरचा इवलासा हिरवा दिवा मनाला येईल तसा लुकलुके. प्रवाहाची गळती, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं.

"उद्या काढायचं," डॉ. लोखंडे हळूच म्हणाल्या. "काम न करणारी वस्तू पोरीच्या डोक्यात ठेवता येत नाही गं. जंतू शिरायला वेळ लागत नाही."

"आणि परत?"

"परत नाही बसवता येत. जखम भरली की ते तंतू कायमचे मिटतात." त्या खुर्ची ओढून बसल्या. "पण मला एक सांग. दार आहे, आवाज आहे. मग घोडं पेंड खातंय कुठे?"

शर्वाणी जाळ्यांची इंजिनियर. राउटर लावण्यात हयात गेलेली. ही जोडणीही तिने हट्टाने मागून घेतली होती.

"घरच्या राउटरसारखंच आहे, मॅडम. एक मोठी सोसायटी धरा. आत शेकडो फ्लॅट, पण बाहेर पत्ता एकच. आतल्या कुणी काही मागवलं की वॉचमन पाटीवर टिपतो, अमक्या फ्लॅटची मागणी. सामान आलं की पाटी बघून त्या फ्लॅटवर धाडतो. ही पत्तापालट. अर्धं मिनिट आतून काही मागणी आली नाही, की टिपण पुसून टाकतो."

"आणि न मागवता कुणी आलं तर?"

"गेटवरूनच परत. त्याला आत घ्यायचं असेल तर वॉचमनला आधी बजावायचं : चार नंबरची घंटा वाजवेल त्याला अमक्या फ्लॅटवर सोड. ही दारनेमणूक. गेले कित्येक दिवस मी तेच करतेय. पण ऐकणारं कुणी कुठल्या फ्लॅटमध्ये आहे हेच ठाऊक नाही. आजारपणात सगळ्यांनी घरं बदललीत."

"आमचा वॉचमन तर रोज मलाच अडवतो," लोखंडे म्हणाल्या. दोघी हसल्या, आणि हसता हसता शर्वाणीचा चेहरा वाकडा झाला.

दुपारी तिचा सहकारी जमीर मुजावर आला. "ताई, उद्यासाठी सगळे नियम पुसायला लागतील. मी करू?"

"नको. मीच लिहिलेत, मीच पुसते."

एकेक दारनेमणूक तिने पुसली. मेंदूद्वार सगळ्या बाजूंनी बंद झालं. नियम गेल्यावर मायक्रोफोनचा डबाही मूळ वळणावर आला : ज्या दारातून काही बाहेर येईल, त्याच दारातून उत्तर. तो डबा बंद करायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नाही.

ऑफिसचं काम तुंबलं होतं. तिने खाटेला टेकून लॅपटॉप उघडला. घरीसुद्धा हेच. ती जेवणाच्या टेबलावर काम करायची आणि आतून हाक यायची, "आई!" मान वर न करता ती "ओ" द्यायची. "काय गं?" "काही नाही." पाच मिनिटांनी पुन्हा तेच. कधीकधी ती करवादायची, "अगं, काही नाही तर हाका कशाला मारतेस?"

डोळ्यांच्या कडेला हिरवा दिवा लुकलुकला. बोटं टाइप करत होती. जीभ आपसूक म्हणाली, "ओ."

पडद्यावर ओळ उमटली : आवाज आत गेला. प्रतिसाद आहे.

"जमीर!"

जमीरने पडद्याला नाक लावलं. "काय राव... दारं बंद आहेत, ताई. सगळी. कुठनं शिरला आवाज?" त्याने डब्यापाशी तोंड नेऊन जोरात "ओ" म्हटलं. तोही आवाज आत गेला. त्याने अर्ध्या मिनिटाहून जास्त थांबून पुन्हा म्हटलं. आवाज दारावरूनच परत.

"बिघाड असणार."

"बिघाड नाही." शर्वाणीने पडद्यावरच्या ओळीवर बोट ठेवलं. "नियम नाही, तरी आत गेला. म्हणजे पाटीवर टिपण होतं. आणि बाहेरून कुणीही आलं तरी वॉचमन टिपण लिहीत नाही, जमीर. ते फक्त..."

"...आतून कुणी मागवलं तरच," जमीरने वाक्य पुरं केलं आणि कानामागच्या दिव्याकडे बघत राहिला.

गळती नव्हतीच ती. इतके दिवस पोर हाका मारत होती, आणि आई भलत्याच घंटा वाजवत भलत्याच दारांशी उभी होती. ओ न मिळालेली प्रत्येक हाक अर्ध्या मिनिटात पुसली गेली होती.

दिवा लुकलुकला. "ओ, मिहू. ओ गं."

लोखंडे धावत आल्या. त्यांनी मेंदूच्या प्रतिसादाचा आलेख पाहिला, पुन्हा पाहिला, आणि तिथूनच फोन लावून उद्याची शस्त्रक्रिया रद्द केली.

"ताई, टिपणात पत्ता सापडलाय!" जमीरला राहवेना. "ऐकणारं कुठे बसलंय ते कळलं. आता कायमची दारनेमणूक करून टाकू. मग तुम्ही हवं तेव्हा आत."

शर्वाणीची बोटं कळांवर गेली आणि तिथेच थांबली.

"नको. तिचं दार आहे. तिला हवं तेव्हा ती उघडेल."

"आणि विसरली तर? अर्ध्या मिनिटात टिपण पुसलं जातं."

पडद्यावर टिपणाचे उरलेले सेकंद ओघळत होते. तोवर खोलीतला आवाज डब्यातून आत झिरपत होता : पंखा, खुर्चीची कुरकुर, आईचा श्वास. टिपण पुसलं की हे सगळं तिच्यासाठी विझणार. तीन उरले. दोन.

दिवा लुकलुकला. टिपण पुन्हा ताजं झालं.

पुढच्या खेपेलाही तसंच. पुसलं जायच्या अगदी तोंडावर, एकदाच. आता त्यात मनाला येईल तसं काही नव्हतं.

"शिकली की!" जमीर पुटपुटला. "जोडणी तुटू नये म्हणून यंत्रं अशीच अधूनमधून टिचकी मारतात. हिला कुणी सांगितलं?"

"पण मागतेय काय ती?" लोखंडेंनी विचारलं.

"काही नाही," शर्वाणी म्हणाली. "मी आहे ना, एवढंच बघतेय. घरीही हेच करायची."

दिवा लुकलुकला. शर्वाणीने लॅपटॉप मिटला, लेकीकडे तोंड केलं आणि ओ दिली.